बाकावरील जागा : क्वेकर पंथातील समतेचे तत्त्व आणि व्यवहार

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. आपल्या समाजातील प्रत्येक वाचकाला ही अर्पणपत्रिका परिचित आहे. मात्र ते लोक कोण होते, याचा शोध आपण क्वचितच घेतो. त्यांत निरनिराळ्या पंथांचे लोक होते आणि स्वतः दास्य भोगून बाहेर पडलेले लढवय्येही होते. परंतु एक संपूर्ण धर्मसमाज या नात्याने गुलामगिरीविरुद्ध सर्वांत आधी उभे राहण्याचा मान क्वेकर पंथाकडे जातो. हा मान यथार्थ आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. ज्या समाजाने दुसऱ्याच्या पायातील बेडी तोडली, त्याने त्या मुक्त माणसाला आपल्या उपासनागृहात आपल्या शेजारी बसविले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळपर्यंत नकारार्थी होते. गुलामगिरीचा निषेध करणे आणि बंधुतेचा व्यवहार करणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असे नाही. क्वेकरांच्या सुमारे पावणेचारशे वर्षांच्या इतिहासातून निघणारा हाच निष्कर्ष प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे.

पंथाची उभारणी

जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) हे ह्या पंथाचे संस्थापक. इंग्लंडमध्ये राजसत्ता आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध माजले असता, चर्च, पाद्री व धर्मग्रंथ यांच्या मध्यस्थीवाचून मनुष्याला सत्याचा अनुभव येऊ शकतो, असा विचार त्यांनी मांडला. प्रत्येक मनुष्याच्या ठायी एक अंतःप्रकाश वसत असतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. १६५२ पासून त्यांच्याभोवती अनुयायांचा समुदाय जमू लागला. हे अनुयायी स्वतःला 'मित्र' म्हणवीत. 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, हे नाव त्यांना विरोधकांनी उपहासाने दिले.

ह्या पंथाचे आचार तत्कालीन उच्चनीचतेवर थेट आघात करणारे होते. क्वेकर न्यायाधीशापुढे वा सरदारापुढे टोपी काढीत नसत. त्या काळच्या इंग्रजीत थोरांना एक सर्वनाम आणि सामान्यांना दुसरे, असा भेद होता. क्वेकरांनी सर्वांना एकच, सामान्यांचे सर्वनाम वापरण्याचा नियम केला. मराठी वाचकाला यातील मर्म सहज उमगेल. कोणाला 'अरे-तुरे' करावयाचे आणि कोणाला 'अहो-जाहो' करावयाचे, हे जन्मावरून ठरविण्याची रीत आपल्याकडेही दीर्घकाळ होती. स्त्रियांना उपासनेत बोलण्याचा अधिकार असल्याचे प्रतिपादन मार्गारेट फेल यांनी १६६६ साली एका पुस्तिकेद्वारे केले. ह्या आचारांपायी हजारो क्वेकरांनी तुरुंगवास भोगला.

त्यांच्या उपासनागृहात वेदी नव्हती, मूर्ती नव्हती, व्यासपीठावरून प्रवचन देणारा पुरोहित नव्हता. तेथे केवळ बाक होते. त्या बाकांवर सर्वांनी मौन धरून बसावयाचे आणि ज्याला आंतरिक प्रेरणा होईल त्याने उठून बोलावयाचे, एवढीच त्यांची उपासना. पुढील इतिहासात ह्या बाकांना जे महत्त्व आले ते पाहता ही साधी गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जर्मनटाउनचे निवेदन

समतेचे हे तत्त्व अटलांटिक महासागर ओलांडून गेले तेव्हा त्याची कसोटी लागली. १६७१ साली फॉक्स बार्बाडोस बेटावर गेले. तेथील अनेक क्वेकर उसाच्या मळ्यांचे आणि गुलामांचे मालक होते. फॉक्स यांनी मालकांना गुलामांशी दयेने वागण्याचा, त्यांना धर्मोपदेश देण्याचा आणि ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मुक्त करण्याचा सल्ला दिला. परंतु गुलामगिरी हे मूलतः पाप आहे असे ते म्हणाले नाहीत. उलट, क्वेकर लोक गुलामांना बंडाची चिथावणी देतात हा आरोप त्यांनी आवर्जून नाकारला. तरीही तेथील सत्ताधाऱ्यांना धोका जाणवला. १६७६ साली बार्बाडोसमध्ये कायदा करण्यात आला आणि क्वेकरांनी कृष्णवर्णीयांना आपल्या सभांना नेण्यास मनाई झाली. एकत्र बसण्यातील सामर्थ्य मळेवाल्यांनी बरोबर ओळखले होते.

१६८१ साली विल्यम पेन यांना राजाकडून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली. धर्मस्वातंत्र्याचा आश्रय म्हणून ही वसाहत ख्यातनाम झाली. परंतु स्वतः पेन यांच्या पदरी गुलाम होते, ही वस्तुस्थिती त्यांच्या चरित्रात दीर्घकाळ झाकून ठेवण्यात आली.

ह्याच वसाहतीत, फिलाडेल्फियाजवळील जर्मनटाउन येथे १६८८ साली चार स्थलांतरितांनी एक निवेदन लिहिले. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स आणि डेरिक व अब्राहम ऑप डेन ग्राफ हे बंधू, ही त्यांची नावे. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. त्यामुळे निवेदनाची भाषा ओबडधोबड आहे. पण त्यातील युक्तिवाद बिनतोड आहे. आपल्याशी कोणी असे वागावे हे आपणांस मान्य आहे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. माणसे चोरून आणणारा आणि ती विकत घेणारा यांत फरक तो काय, हा दुसरा. आणि ह्या गुलामांनी आपल्या मुक्ततेसाठी शस्त्र उचलले, तर मालकांना आपण राखून ठेवले आहे तेवढाच लढण्याचा हक्क त्यांनाही नाही काय, हा तिसरा.

हे निवेदन प्रथम मासिक सभेपुढे गेले. विषय फार गहन आहे असे सांगून तिने ते त्रैमासिक सभेकडे पाठविले. त्रैमासिक सभेने ते वार्षिक सभेकडे धाडले. वार्षिक सभेने, ह्या प्रश्नाचा संबंध अन्य अनेक ठिकाणांशी येत असल्याने निर्णय देणे उचित नाही, असे म्हणून ते बाजूस ठेवले. कोणीही ते खोटे ठरविले नाही; कोणीही ते स्वीकारले नाही. पुढे तो कागद विस्मृतीत गेला आणि १८४४ साली जुन्या दप्तरांत पुन्हा सापडला. अन्यायाला उघड पाठिंबा न देता तो चालू ठेवण्याची ही पद्धत आपल्या वाचकांना अपरिचित नाही.

बहिष्कृत आणि मवाळ

त्यानंतरच्या अर्धशतकात ज्यांनी हा प्रश्न जिवंत ठेवला, त्यांत बेंजामिन ले (१६८२–१७५९) यांचे स्थान आगळे आहे. ते जेमतेम सव्वाचार फूट उंचीचे व पाठीला कुबड असलेले होते. बार्बाडोसमध्ये दुकान चालवीत असताना त्यांनी गुलामांची उपासमार व छळ प्रत्यक्ष पाहिला होता. गुलामांच्या श्रमातून निर्माण झालेली कोणतीही वस्तू ते वापरीत नसत. १७३७ साली त्यांचा गुलाममालकांवरील घणाघाती ग्रंथ बेंजामिन फ्रँकलिन यांच्या छापखान्यात छापला गेला. १७३८ साली बर्लिंग्टन येथे भरलेल्या वार्षिक सभेत ते अंगरख्याखाली सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून गेले. हातातील पोकळ केलेल्या ग्रंथात तांबड्या फळांच्या रसाने भरलेली पिशवी होती. गुलाम बाळगणारा मनुष्य हा बांधवांच्या हृदयात तलवार खुपसणाऱ्यासारखाच आहे, अशा आशयाचे बोलून त्यांनी तो ग्रंथ तलवारीने भोसकला. रक्तासारखा रस शेजारच्या धनिकांच्या अंगावर उडाला. त्याच वर्षी ले यांचे सभासदत्व काढून घेण्यात आले. वार्षिक सभेच्या धुरिणांपैकी अनेकजण तेव्हा गुलामांचे मालक होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या शिक्षेचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

जॉन वुलमन (१७२०–१७७२) यांची पद्धत वेगळी होती. तरुणपणी एका दुकानात कारकुनी करीत असता मालकाने त्यांना एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीचे खत लिहावयास सांगितले. त्यांनी ते लिहिले; पण त्या लेखणीने मनाला लावलेली टोचणी आयुष्यभर गेली नाही. गावोगावच्या क्वेकर मालकांच्या घरी जाऊन ते शांतपणे चर्चा करीत आणि अशा घरी पाहुणचार घ्यावा लागलाच, तर तेथील गुलामांना त्यांच्या श्रमाचे पैसे देत. त्यांचे सहकारी अँथनी बेनेझेट (१७१३–१७८४) यांनी १७५० पासून आपल्या घरी कृष्णवर्णीय मुलांचे सायंवर्ग चालविले आणि १७७० साली त्यांच्या प्रेरणेने फिलाडेल्फियात स्वतंत्र शाळा सुरू झाली. ह्या मुलांची बुद्धी गोऱ्या मुलांहून कमी असते हा समज केवळ अहंकारातून जन्मला आहे, असे त्यांनी शिक्षकाच्या अनुभवाने सांगितले.

अखेर १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरविले. मृत्यूच्या आदल्या वर्षी ही वार्ता ले यांच्या कानी पडली. १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्या सभासदास पंथातून काढून टाकण्याचा नियम झाला. जर्मनटाउनच्या निवेदनापासून ह्या नियमापर्यंत ८८ वर्षे लोटली होती. इंग्लंडमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर होते. इतिहासाने हे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

आर्च स्ट्रीटचा बाक

गुलाम मुक्त झाले. पण मुक्त झालेल्यांपैकी कोणी क्वेकर होऊ इच्छिले तर? हा प्रश्न पंथाला अवघड गेला. कृष्णवर्णीय अर्जदारांची प्रकरणे वर्षानुवर्षे एका सभेकडून दुसऱ्या सभेकडे फिरत. न्यू जर्सीतील सिंथिया मायर्स ह्या स्त्रीच्या अर्जावरून हा विषय वार्षिक सभेपुढे आला, तेव्हा १७९६ साली, सभासदत्व देताना वर्णाचा विचार करू नये, असा निर्णय झाला. वडील आफ्रिकी व आई मूळनिवासी वाम्पानोआग जमातीची असलेले जहाजमालक पॉल कफी यांना १८०८ साली मॅसॅच्युसेट्समधील वेस्टपोर्टच्या सभेत प्रवेश मिळाला. परंतु असे प्रवेश अपवादात्मकच राहिले. नियमाने दार उघडले होते. उंबरठ्याच्या आत काय होते, हे पाहण्यासाठी आपणांस फिलाडेल्फियातील आर्च स्ट्रीटच्या उपासनागृहात जावे लागेल.

१८०४ साली बांधलेली ही वास्तू आजही उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रेस बस्टिल डग्लस आणि त्यांची कन्या सारा मॅप्स डग्लस (१८०६–१८८२) ह्या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया तेथे उपासनेला जात. ग्रेस यांचे वडील सायरस बस्टिल हे जन्माने गुलाम, पुढे मुक्त होऊन बेकरीच्या व्यवसायात नावारूपाला आलेले गृहस्थ होते. हे घराणे आचाराने पूर्णपणे क्वेकर होते : साधा पोशाख, साधी भाषा, मौनाची ओढ. ग्रेस यांना पंथात यावयाचे होते; परंतु अर्ज केल्यास तो स्वीकारला जाणार नाही, असे त्यांना सुचविण्यात आले. म्हणून त्या सभासद न होताच जात राहिल्या.

त्यांच्यासाठी तेथे एक निराळा बाक होता. १८३७ साली विल्यम बॅसेट ह्या क्वेकर सुधारकाला लिहिलेल्या पत्रात सारा यांनी त्याचे वर्णन केले आहे. हा बाक काळ्या लोकांचा आहे, हे शब्द त्यांनी लहानपणापासून पुनःपुन्हा ऐकले होते. कोणी गोरी व्यक्ती चुकून तेथे बसू नये म्हणून बाकाच्या टोकाला पहारा दिल्यासारखे कोणीतरी बसे. सारा यांनी तेथे जाणे पुढे सोडून दिले. त्यांची आई मात्र जात राहिली आणि पुष्कळदा त्या लांबलचक बाकावर ती एकटीच बसलेली असे. सारा काही काळ न्यूयॉर्कमध्ये होत्या तेव्हाही त्या क्वेकर सभेला गेल्या. तेथे त्यांच्याशी बोलावयास आलेल्या एका स्त्रीने पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की तू घरे साफ करण्याच्या कामाला जातेस काय? सारा ह्या शिक्षिका होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, त्या स्त्रीने प्रश्न विचारताना क्वेकर रीतीप्रमाणे समतेचेच सर्वनाम वापरले होते. सर्वांना एकाच शब्दाने संबोधणारी भाषा तोंडात होती. समोरची स्त्री कोण असू शकते, ह्याची कल्पना मात्र वर्णाने अगोदरच आखून ठेवली होती.

दक्षिणेतील एका गुलाममालक घराण्यातून आलेल्या आणि क्वेकर झालेल्या सारा व अँजेलिना ग्रिम्के ह्या भगिनी मुद्दाम त्या बाकावर डग्लस मायलेकींच्या शेजारी जाऊन बसू लागल्या. पंथातील ज्येष्ठांना हे रुचले नाही. मे १८३८ मध्ये अँजेलिना यांचा विवाह झाला, त्याला ग्रेस आणि सारा डग्लस उपस्थित होत्या. वर क्वेकर नव्हता, एवढ्या कारणावरून अँजेलिना यांना आणि विवाहाला हजर राहिल्याबद्दल सारा ग्रिम्के यांना पंथातून काढण्यात आले. वेगळा बाक ठेवणाऱ्या कोणाला मात्र त्याबद्दल पंथ सोडावा लागला नाही.

भेदाचे मूळ

असे का घडले? केवळ व्यक्तींच्या दुर्गुणांनी याचे उत्तर मिळत नाही. ते संस्थेच्या रचनेत शोधावे लागते.

पहिले कारण विवाहनियमांत आहे. छळाच्या काळात एकमेकांना सांभाळणारा हा समुदाय हळूहळू घराण्यांचा समुदाय बनला. १७३७ पासून क्वेकर आईबापांची मुले जन्मानेच सभासद मानली जाऊ लागली आणि पंथाबाहेर विवाह करणाऱ्यास काढून टाकण्याचा नियम कठोरपणे पाळला गेला. ब्रिटनमध्ये हा नियम १८५९ नंतरच शिथिल झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, गटांतर्गत विवाह हे जातीचे मर्म असल्याचे दाखवून दिले. क्वेकर ही जात होती असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कारण त्यांनी उच्चनीचतेला धर्माचा आधार कधी दिला नाही. परंतु ज्या समुदायात सभासद होणे म्हणजे सोयरिकीच्या कक्षेत येणे होय, तेथे परक्याला आत घेताना उपासनेपेक्षा सोयरिकीचाच विचार बलवत्तर ठरतो, हे बाबासाहेबांच्या सिद्धांताच्या प्रकाशात स्पष्ट दिसते.

दुसरे कारण निर्णयपद्धतीत आहे. क्वेकर सभेत मतदान होत नाही. सर्वांचे ऐक्य झाल्यावरच निर्णय नोंदला जातो. बहुमताच्या जुलमाला ही पद्धत आळा घालते, हा तिचा गुण. परंतु ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत तेही त्याच सभेत बसलेले असले, तर अन्याय दूर करण्यासाठी अन्याय करणाऱ्यांच्या संमतीची वाट पाहावी लागते. शिवाय ज्यांच्याविषयी निर्णय व्हावयाचा, ते कृष्णवर्णीय त्या सभेत सभासद म्हणून नव्हतेच. त्यांच्यावाचून झालेल्या ऐक्याला सर्वांचे ऐक्य कसे म्हणावे?

तिसरे कारण उपकाराच्या भावनेत आहे. शाळा काढणे, देणग्या देणे, पळून आलेल्या गुलामांना आसरा देणे ही कामे क्वेकरांनी निष्ठेने केली. पण साह्य करणारा उंचावर राहतो आणि घेणारा खाली. अमेरिकन सरकारने १८६९ पासून मूळनिवासी जमातींचा कारभार मोठ्या प्रमाणावर क्वेकरांच्या हाती दिला, तेव्हाही हेच झाले. सद्‌हेतूने चालविलेल्या निवासी शाळांतून त्या मुलांची भाषा, वेष आणि नावेही काढून घेण्यात आली.

विसावे शतक आणि नंतर

कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाळा काढणारे क्वेकर स्वतःच्या मुलांच्या शाळेत त्यांना प्रवेश द्यावयास फार काळ तयार नव्हते. वॉशिंग्टनमधील सिडवेल फ्रेंड्स ही प्रसिद्ध शाळा १८८३ साली स्थापन झाली. तेथे पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५६ साली, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद अवैध ठरविल्यानंतर आला. दरम्यान १९४७ साली क्वेकरांच्या ब्रिटिश व अमेरिकन सेवासंस्थांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

बायर्ड रस्टिन (१९१२–१९८७) यांचे चरित्रही ह्या संदर्भात बोधप्रद आहे. आजीकडून क्वेकर संस्कार लाभलेला हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता युद्धाला नकार देऊन तुरुंगात गेला आणि २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनवरील ऐतिहासिक मोर्चाचा मुख्य संयोजक झाला. १९५५ साली अमेरिकन क्वेकर सेवासंस्थेने अहिंसेवरील एक महत्त्वाची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या लेखनात रस्टिन यांचा वाटा होता; परंतु ते समलिंगी असल्याने व त्या कारणावरून त्यांना अटक झालेली असल्याने लेखकांच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. ते नाव पुन्हा घालावयास अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

२००९ साली डोना मॅकडॅनियल आणि व्हेनेसा जूली ह्या दोन क्वेकर स्त्रियांनी, एक गोरी व एक कृष्णवर्णीय, पंथातील वर्णभेदाचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. स्वातंत्र्याला पात्र, मैत्रीला नव्हे, अशा अर्थाचे शीर्षक त्यांनी ग्रंथाला दिले. 'मित्र' म्हणविणाऱ्या पंथाविषयी याहून अचूक शब्द सापडणे कठीण. त्याच वर्षी ब्रिटनच्या वार्षिक सभेने समलिंगी विवाहांना मान्यता दिली. २०१८ पर्यंत, ज्या सभांनी बेंजामिन ले यांना बाहेर काढले होते त्यांच्या वारस सभांनी ते आपलेच असल्याचे जाहीर केले. २०२१ साली लंडनच्या मुख्यालयातील विल्यम पेन यांच्या नावाचे दालन ले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि २०२२ साली ब्रिटनच्या वार्षिक सभेने गुलामांच्या व्यापारातून झालेल्या हानीची भरपाई करण्याचे मार्ग शोधण्याचा संकल्प केला.

प्रश्न मिटलेले मात्र नाहीत. १९०२ साली केनियातील कायमोसी येथे सुरू झालेल्या प्रचारकार्यामुळे आज जगातील सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. त्यांच्या उपासनेत मौनापेक्षा गायन आणि प्रवचन यांना स्थान आहे, आणि समलिंगी विवाहासारख्या प्रश्नांवर त्यांच्यातील बहुतेकांचे मत ब्रिटिश क्वेकरांच्या विरुद्ध आहे. कोणाला सामावून घ्यावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, हा वाद आता खंडांच्या पातळीवर चालू आहे.

समारोप

ह्या इतिहासाकडे क्वेकरांना कमी लेखण्यासाठी पाहणे चुकीचे होईल. ज्यांनी काहीच केले नाही अशा अनेक धर्मसमाजांपेक्षा त्यांचे कार्य थोर आहे. आपल्या दोषांची कागदपत्रे त्यांनी जपली आणि आपल्याच लेखणीने प्रकाशात आणली, हेही थोडे नव्हे. जोतीरावांची अर्पणपत्रिका त्यामुळे निस्तेज होत नाही.

मात्र समतेची घोषणा केलेल्या प्रत्येक समाजाने, आणि म्हणून आपणही, ह्यातून एक गोष्ट शिकावी. समतेची परीक्षा ठरावात होत नाही. कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाच्या घरी सोयरीक होते, निर्णय होताना कोण हजर असतो आणि नवागताला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, येथे ती होते. क्वेकरांचे ठराव लिहिणारी माणसे समंजस होती. तरीसुद्धा आपल्या समाजात काय चालले आहे हे त्यांना ठरावाच्या वहीतून कळले नाही. ते ग्रेस डग्लस यांना ठाऊक होते. कारण दर आठवड्याला त्या रिकाम्या बाकावर त्या एकट्या बसत होत्या. कोणत्याही धर्मसमाजाचा खरा इतिहास लिहावयाचा असेल, तर तशा बाकावर बसलेल्यांची साक्ष प्रथम घेतली पाहिजे.